टांझानियात मिशनवर निघालात? कागदपत्रांपासून विजेच्या लुकू टोकनपर्यंत सगळं

वसई, गोवा, मंगळूर इकडच्या बऱ्याच सिस्टर्स, फादर्स आणि आता काही लग्न झालेली जोडपीसुद्धा पूर्व आफ्रिकेत मिशनवर जातात आणि जायच्या आधी सगळ्यांचे मेसेज सारखेच असतात, सिस्टर तिकडे भात मिळतो का, डास फार आहेत का, बॅगेत काय काय भरू. मी वसईची, पेशाने नर्स, टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला आमच्या मिशनचा दवाखाना आहे तिथे काम करते. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहिते. केनिया, युगांडा, मलावीला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल पण राहण्याच्या आणि कामाच्या परवान्याचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे, ते तिथल्या लोकांना विचारा.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. पहिलं वर्ष कामाचं धरू नका. आपण सेवा करायला आलोय या उत्साहात लोक दुसऱ्या आठवड्यातच दवाखाना नाहीतर शाळा हातात घेतात आणि मग भाषा अर्धवट राहते, तब्येत बिघडते, परवाना लटकतो. ते वर्ष तिथे राहायला शिकण्याचं आहे, आणि तुमच्या प्रोव्हिन्शियलना (संस्थेच्या प्रांतप्रमुखांना), बिशपना किंवा पाठवणाऱ्या संस्थेला हे निघायच्या आधीच स्पष्ट बोलून ठेवा.

1. कागदपत्रं: निघायच्या किमान सहा महिने आधी सुरू करा

ही यादी प्रिंट काढून फाईलवर चिकटवा:

- पासपोर्ट, भरपूर कोरी पानं असलेला आणि मुदत लांबची असलेला
- जन्मदाखला आणि शिक्षणाची सगळी सर्टिफिकेटं
- पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट सेवाच्या साईटवरून
- बोलावणाऱ्या डायोसिसचं (बिशपच्या धर्मप्रांताचं) किंवा संस्थेचं पत्र, आणि ती संस्था तिथे रजिस्टर असल्याचा दाखला
- पाठवणाऱ्या संस्थेचं पत्र, तुमचा खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहिलेलं
- बायोडेटा आणि भरपूर पासपोर्ट फोटो
- पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड
- नर्स, डॉक्टर असाल तर आपल्याकडच्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि गुड स्टँडिंगचं पत्र

पहिला घोळ अटेस्टेशनचा, म्हणजे कागद खरे असल्याच्या सरकारी शिक्क्यांचा होतो. एजंट म्हणतो अपोस्टील करून देतो, दोन दिवसांत होईल, पैसे द्या. अपोस्टील म्हणजे करारातल्या देशांत चालणारा एकच शिक्का, पण टांझानिया त्या करारात नाही, त्यामुळे नुसता तो स्टिकर तिथे कामाचा नाही. आधी आपल्या राज्याकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून अटेस्टेशन आणि शेवटी दिल्लीच्या टांझानिया हायकमिशनचा शिक्का असा लांबचा रस्ता आहे. फॉर्म भरताना देशाचं नाव टांझानिया असंच लिहिलंय ना हे स्वतः बघा. पोलीस क्लिअरन्स मात्र अगदी शेवटी काढा कारण ते ताजं मागतात, आधी काढून ठेवलं तर बाकीचे कागद होईपर्यंत शिळं होतं.

दुसरं, नाव. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, बाप्तिस्म्याचं दुसरं, आणि सिस्टर झाल्यावर मिळालेलं तिसरं. कुठल्या कागदावर वडिलांचं नाव मधे, कुठे नाहीच. तिकडचा ऑफिसर हे सगळं एकाच माणसाचं आहे असं का मानेल? सगळी नावं घालून एक ॲफिडेव्हिट करून घ्या आणि पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच डायोसिसच्या पत्रातही लिहायला सांगा, अक्षरन् अक्षर.

2. व्हिसा म्हणजे परवाना नव्हे

टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम सुरू करायचं आणि परवाना मागाहून बघू, असं कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. दवाखान्यात नुसतं हाताशी उभं राहणंसुद्धा काम धरलं जाऊ शकतं. राहण्याचा परवाना इमिग्रेशन खात्याकडून मिळतो, मिशनरी लोक त्यात सी वर्गात येतात, आणि मुदत साधारण दोन वर्षांपर्यंतची असते. कामाच्या परवान्याचा विषय कामगार खात्याकडे, म्हणजे ऑफिस वेगळं, फॉर्म वेगळा. तुम्हाला नेमकं काय काय लागेल हे डायोसिसच्या ऑफिसमध्ये जो माणूस हीच कामं करतो त्याला विचारा, विमानात शेजारी बसलेल्याला नको.

नर्सेसनी लक्ष द्या. आपलं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तिथे आपोआप चालत नाही, टांझानियाच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं, आणि आपल्या कौन्सिलकडून त्यांच्या कौन्सिलला कागद जायला वेळ लागतो. इथे मुंबईत असतानाच अर्ज करा. तिथून फोनवर पाठपुरावा करणं फार जड जातं, घरच्या कोणाला तरी वारंवार चकरा माराव्या लागतात.

सरकारी फी कधीही रोख कोणाच्या हातात देऊ नका. तिथे प्रत्येक सरकारी पेमेंटला कंट्रोल नंबर मिळतो, तो टाकून बँकेत किंवा मोबाईलवरून पैसे भरायचे. कंट्रोल नंबर नाही आणि नुसता माणूस पैसे मागतोय म्हणजे काहीतरी गडबड आहे. आणि परवान्याची मुदत संपायची तारीख पासपोर्टमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका, खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा, कारण नूतनीकरणाचे कागद तीन-चार महिने आधीच हलवावे लागतात.

3. घरचं आवरून जा

यावर कोणी बोलत नाही पण मला वाटतं हे फार महत्त्वाचं आहे. बाहेरदेशी राहायला गेलात की साधं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं खातं, करून घ्यावं लागतं, बँकेत जाऊन ते काम उरका. नॉमिनी तपासा. बँकेचा आणि आधारचा मोबाईल नंबर तिकडेही चालू राहील याची सोय करा, नाहीतर ओटीपीवाचून सगळं अडतं. वाडी-जमिनीत नाव असेल, सातबाऱ्यावर भावाबहिणींबरोबर, तर सहीसाठी कोणाला अधिकार द्यायचा ते ठरवा आणि मुखत्यारपत्र वकिलाकडून नीट करून घ्या. आईवडील म्हातारे असतील तर त्यांच्या दवाखान्याचं कोण बघणार हे भावाबहिणींशी समोरासमोर बसून बोला. देवाने बोलावलंय म्हणून घरच्यांनी समजून घ्यावं असं गृहीत धरून निघालं की तिकडे रात्री फोन वाजला तरी छातीत धस्स होतं.

4. लसी आणि औषधं

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या. ती टोचल्यावर कार्ड दहा दिवसांनी लागू होतं म्हणून तिकिटाच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करू नका. 2016 पासून हे कार्ड आयुष्यभरासाठी चालतं. मुंबईहून बरेच लोक नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जातात आणि पिवळ्या तापाच्या देशात बारा तासांपेक्षा जास्त थांबा झाला तर टांझानियात कार्ड मागतात, परत येताना आपल्या विमानतळावरही विचारतात, तेव्हा पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा. टायफॉइड, हिपॅटायटीस, धनुर्वात आणि गावात राहणार असाल तर रेबीज, हे सगळं डॉक्टरांशी बोलून घ्या.

आता मलेरिया. आपल्याकडे मलेरिया म्हटलं की चार दिवस थंडीताप, गोळ्या घेतल्या की बरं, असं डोक्यात असतं. तिकडे बहुतेक फाल्सिपेरम नावाचा गंभीर मलेरिया, तो दोन दिवसांत माणसाला आडवं करून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. टांझानियाच्या समुद्रकिनाऱ्यावर बागामोयोला 1868 मध्ये आलेल्या होली घोस्ट फादर्सचं जुनं मिशन आहे, तिथलं कब्रस्तान जरूर बघा. कितीतरी तरुण मिशनरी ऐन विशी-तिशीत, येऊन थोड्याच काळात गेलेले. त्यांच्याकडे औषध नव्हतं, आपल्याकडे आहे, त्यामुळे आपल्याला हलगर्जीपणाचा हक्क नाही. औषध भारलेल्या मच्छरदाणीत रोज झोपा, गरम होतंय म्हणून कडा वर करू नका, संध्याकाळनंतर पूर्ण बाह्या घाला. रोजची प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही, कुठली आणि किती महिने, हे डॉक्टर ठरवतील कारण वर्षानुवर्षं राहणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. ताप आला की त्याच दिवशी टेस्ट. त्यासाठी फार रक्त काढायचं नसतं, बोटाच्या एका थेंबावर पट्टी पंधरा-वीस मिनिटांत सांगते. पॉझिटिव्ह आली तर तिथे ज्याला म्सेतो म्हणतात त्या गोळ्यांचा तीन दिवसांचा कोर्स पूर्ण करायचा, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी पूर्ण करायचा. पावसाळे दोन असतात, मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा, पावसानंतर दवाखान्याच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते इतकी तापाची मुलं येतात.

आणखी तीन गोष्टी ज्या इथले डॉक्टर सहसा सांगत नाहीत. एक, सरोवराच्या काठाला लव्हाळ्यात पाय बुडवून उभं राहू नका, पाणी कितीही छान दिसलं तरी. गोगलगाईंतून येणारे किडे कातडीतून आत शिरतात, लोक त्या आजाराला किचोचो म्हणतात, वर्षातून एकदा लघवी-शौचाची तपासणी करून घ्या. दोन, अनवाणी फिरू नका, मातीतली पिसू पायाच्या बोटात, नखाच्या कडेला घुसून अंडी घालते, तिला फुंझा म्हणतात. आधी नुसती खाज येते मग मधे काळा ठिपका असलेला पांढरा फुगवटा दिसतो, तो स्वच्छ सुईने अख्खा काढावा लागतो, फोडायचा नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशी हे काम इतक्या अलगद करतात की कळतसुद्धा नाही, त्यांच्यासारख्या कोणाकडे जा. तीन, दोरीवर वाळलेले कपडे, अगदी आतले कपडे आणि चादरीसुद्धा, इस्त्री केल्याशिवाय घालू नका. एक माशी ओल्या कपड्यावर अंडी घालते आणि अळी कातडीत वाढते. कडक इस्त्रीने अंडी मरतात, बस एवढंच करायचं.

दवाखान्यासाठी म्हणून पॅरिशमधले, म्हणजे आपल्या चर्चचे लोक प्रेमाने पिशव्या भरभरून औषधं देतील, ती नेऊ नका. देशात औषध आणायला तिथल्या औषध खात्याची परवानगी लागते आणि मुदत संपत आलेल्या गोळ्या कस्टमला सापडल्या तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. स्वतःची रोजची औषधं मात्र चिठ्ठीसकट मूळ पाकिटात न्या आणि चष्मे दोन न्या.

5. बॅगेत काय भरायचं

थोडक्यात सांगते कारण लोक नको ते फार नेतात. वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची पण प्लग बहुतेक ठिकाणी तीन चौकोनी पिनांचे, म्हणून दोन-तीन ॲडाप्टर आणि आपलं एक एक्स्टेंशन बोर्ड न्या. चांगला सोलर दिवा, पॉवर बँक, प्रेशर कुकर आणि त्याच्या जास्तीच्या रिंगा, घरचा मसाला, कोकम. 2019 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे तेव्हा सामान कापडी पिशव्यांतच गुंडाळा. डॉलर नेणार असाल तर नव्या, स्वच्छ, मोठ्या नोटा घ्या, जुन्या छपाईच्या किंवा दुमडून फाटलेल्या नोटा कोणी घेत नाही.

डाळींचं ओझं नेऊ नका. मूग तिथे चोरोको नावाने मिळतात, चवळी कुंदे, तूर म्बाझी, आणि तूर तर टांझानियातूनही आपल्याकडे येते. म्चिचा म्हणून पालेभाजी बाजारात दिसेल ती आपल्या माठासारखीच. दागा नावाची बारीक सुकी मासळी सरोवराच्या काठी ढिगाने असते, कांदा-टोमॅटो आणि आपला मसाला घालून केली की वसईच्या माणसाला अजून काही लागत नाही. भातही मिळतो. रोजचं जेवण मात्र उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उजव्या हाताने तोडून, अंगठ्याने खळगा करून त्यात भाजी उचलायची. पहिल्या दिवसापासून खा. घरी बोलावून तुमच्यासाठी ज्यांनी कोंबडी कापली त्यांच्यासमोर ताट बाजूला सारलं तर ते कोणी विसरत नाही.

6. भाषा: सहा महिने दुसरं काही नाही

इंग्लिशवर भागेल असं समजू नका. शहरात, ऑफिसात थोडंफार भागतं, पण गावात आजारी बाई तुमच्याशी स्वाहिलीत बोलणार आणि तिची आई सुकुमा नाहीतर दुसऱ्या कुठल्या भाषेत. मिशनरी लोकांसाठी मुसोमाजवळ माकोकोला जुनी भाषाशाळा आहे, तिथे किंवा तुमची संस्था पाठवेल तिथे पूर्ण कोर्स करा, मधे सोडून कामावर येऊ नका, सुपिरियरने बोलावलं तरी विनंती करून थांबा.

मराठी माणसाला स्वाहिली तशी अवघड नाही. उच्चार लिहिल्याप्रमाणे, दुका, किताबू, हेसाबू, दावा असले शब्द ओळखीचे. अवघड जातात ते नामांचे वर्ग. चांगलं मूल म्तोतो म्झुरी, चांगली मुलं वातोतो वाझुरी, चांगलं पुस्तक किताबू किझुरी, चांगली पुस्तकं विताबू विझुरी. म्हणजे नाम बदललं की विशेषणाचं तोंड बदलतं, आपल्याकडे चांगला-चांगली-चांगलं होताना शेपूट बदलतं तसं. यादी पाठ करण्यापेक्षा जोडीने बोलून बोलून बसवा. लहान मुलांसोबत बोला, ती चुका लगेच आणि न लाजता दुरुस्त करतात.

आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांचं यासाठी नेहमी आठवतं. फिलिपिन्समधून फ्रान्सिस्कन मंडळी जपानला निघाली तेव्हा दुभाषी म्हणून ते सोबत होते, कारण जपानात आधी राहून त्यांनी तिथली भाषा अंगात मुरवली होती. 1597 मध्ये नागासाकीला ते हुतात्मा झाले हे आपण दर वर्षी सणाला ऐकतो, पण त्याआधीची ही भाषेची मेहनत प्रवचनात फार कमी येते. गोव्याचे संत जोसेफ वाझ श्रीलंकेत मजुराच्या वेशात उतरले, आधी तमिळ शिकले, मग सिंहली. आपल्याच माणसांनी घालून दिलेला रस्ता आहे.

वेळ सांगायची पद्धत पहिल्याच आठवड्यात शिका नाहीतर बस चुकेल. स्वाहिलीत दिवस सूर्य उगवल्यावर मोजायला लागतात, आपल्या सकाळच्या सातला ते एक वाजला म्हणतात, आठला दोन, रात्रीच्या दहाला रात्रीचे चार. बसवाला म्हणाला सकाळी बारा वाजता तर ती पहाटेची सहाची बस आहे. इंग्लिशमध्ये बोलतानाही काही लोक तोच हिशोब सांगतात म्हणून प्रत्येक वेळी उलट विचारून खात्री करा. भारतात फोन करताना आपण तिथून अडीच तास पुढे, म्हणजे तुमच्या रात्री साडेनऊला आई झोपलेली असणार.

7. नमस्कार, शेजार आणि पैशाच्या मागण्या

नमस्काराला वेळ द्या. वयाने मोठ्या माणसाला शिकामो म्हणायचं, ते मराहाबा म्हणतात. कोणाच्या अंगणात शिरताना बाहेरूनच होदी अशी हाक द्यायची आणि करिबू, म्हणजे या, असं ऐकू आल्याशिवाय आत जायचं नाही. दवाखान्यात बाई तापाने फणफणलेलं मूल पाठीला बांधून येते, तुम्ही विचारता कशी आहेस, ती म्हणते नझुरी, छान. मग तुमच्या घरचे कसे, रात्र कशी गेली, आणि मग सांगते मुलाने कालपासून दूध ओढलं नाही. नवीन नर्स थेट काय होतंय म्हणून विचारते तेव्हा त्या बाईला ते खेकसल्यासारखं वाटतं आणि ती निम्मंच सांगते. दोन वाक्यं जास्त लागतात, पण त्या दोन वाक्यांत मुलाचा श्वास कसा चाललाय, डोळे किती खोल गेलेत हे तुमचं बघून होतं. मुलाला आकडी येत असेल किंवा ते गळून गेलं असेल तर अर्थातच आधी मूल.

आपण दिसायला भारतीय, त्यामुळे रस्त्यात मुहिंदी अशी हाक येईल. तिथे भारतीय म्हणजे दुकानदार, गिरणीवाला, पैसेवाला अशी पिढ्यांची ओळख आहे, आणि त्यात काही ठिकाणी जुना राग पण आहे. रागावू नका, नाव सांगा, कुठे राहता ते सांगा, बाजारात रोज त्याच बाईकडून टोमॅटो घ्या, महिन्याभरात हाकेच्या जागी नाव येतं.

कोणी वारलं तर जायचंच. सगळी कामं बाजूला ठेवून जायचं, चटईवर बायकांमध्ये बसायचं, रांबीरांबी म्हणून थोडे पैसे द्यायचे, पोले, म्हणजे वाईट वाटलं, असं म्हणायचं आणि गप्प बसून राहायचं. तुम्ही दवाखान्यात किती पेशंट बघितले हे कोणी मोजत नाही, पण अंत्यविधीला कोण आलं होतं हे अख्खं गाव लक्षात ठेवतं. आठवड्याच्या जुमुइयाला, म्हणजे घरोघरी जमणाऱ्या छोट्या प्रार्थनागटाला, नेमाने जा आणि पहिले काही महिने फक्त ऐका.

मुसलमान शेजारी जवळपास सगळीकडे असतात आणि एकमेकांच्या सणाला जाणं चालतं. पॅरिशच्या जेवणाला बोकड कापायचं असेल तर मुसलमान माणसाला बोलावून कापून घेतात म्हणजे सगळ्यांना खाता येतं. ही रीत मोडू नका.

पैसे मागायला लोक येणार. शाळेची फी, बसभाडं, छपराचे पत्रे. आणि खरंच गरज असते म्हणून नाही म्हणताना जीव तुटतो. पण पहिल्या वर्षात वैयक्तिक कोणालाही पैसे देऊ नका, पॅरिशची कमिटी असते, कातेकिस्ता म्हणजे गावातले धर्मशिक्षक असतात, त्यांच्यामार्फत जाऊ द्या. तुम्हाला कोण कोणाचं ते माहीत नसतं, एकाला दिलं की शेजारच्याला का नाही हे तुम्हाला सांगता येणार नाही. कातेकिस्ता हा तुमचा सगळ्यात मोठा आधार. दूरच्या विगांगोंमध्ये, म्हणजे उपकेंद्रांत, फादर महिन्यातून एकदा जेमतेम पोचतात, बाकी सगळं तोच सांभाळतो. गावात काहीही नवीन करायच्या आधी त्याला विचारा.

8. रोजचे व्यवहार: सिम, लुकू, पाणी, रस्ता

सिम कार्ड कंपनीच्या दुकानातूनच घ्या, पासपोर्ट आणि बोटांचे ठसे लागतात, रस्त्यावरच्या पोराने दिलेलं सिम दुसऱ्याच्या नावावर असू शकतं. सिम आलं की एम-पेसा सुरू करा. भाजीपासून बसच्या तिकिटापर्यंत सगळं त्यावर चालतं, आणि रोख भरायला-काढायला कोपऱ्या-कोपऱ्यावर वाकाला म्हणजे एजंट असतो. अनोळखी नंबरवरून मेसेज येईल की चुकून तुमच्याकडे पैसे आले परत पाठवा, आधी शिल्लक तपासा, ते पैसे आलेलेच नसतात. मोठी खरेदी केली की मशीनची पावती घ्या, पावती न घेणाऱ्या ग्राहकालाही दंड होतो आणि तुमच्या हिशोबालाही ती लागते.

विजेचं मीटर प्रीपेड, त्याला लुकू म्हणतात. मोबाईलवरून पैसे भरले की वीस आकडी टोकन येतं, ते मीटरच्या बटणांवर दाबायचं. मीटर नंबर कपाटाच्या आत लिहून ठेवा आणि युनिट संपायच्या आधी भरा, कारण लसींचा फ्रीज त्याच विजेवर असतो आणि नेटवर्क नेमकं रविवारी रात्री जातं.

पाण्यासाठी पन्हाळी नीट करून पावसाचं पाणी सिमटँकमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या मोठ्या टाकीत, साठवा, पहिल्या पावसाचं छपरावरचं घाण पाणी वाहून जाऊ द्या. पिण्याचं उकळून मग गाळा.

प्रवासाला दालादाला म्हणजे शेअर मिनीबस, बाजाजी म्हणजे आपल्या पुण्याच्या बजाजची रिक्षा, आणि बोडाबोडा म्हणजे मोटारसायकल. बोडाबोडाचे अपघात फार होतात, ओळखीचा एकच चालक ठरवा, हेल्मेट स्वतःचं ठेवा, अंधार पडल्यावर लांबचा प्रवास नको. दूरच्या मिशनवर असाल तर नैरोबीच्या आमरेफ फ्लाइंग डॉक्टर्सची वर्षाची वर्गणी तुमच्या संस्थेला भरायला सांगा, अवघड प्रसंगी विमानाने मोठ्या हॉस्पिटलला नेतात. सरोवराच्या भागात म्वांझाचं बुगांडो हॉस्पिटल मोठं, तिथे कसं पोचायचं हे तब्येत चांगली असतानाच बघून ठेवा.

सरकारी इमारती, पोलीस, सैन्य, पूल यांचे फोटो काढू नका. आणि उघडीनागडी मुलं, आजारी माणसं यांचे फोटो काढून पॅरिशच्या ग्रुपवर टाकू नका, देणगीदारांनी मागितले तरी नाही. त्या मुलांचे आईबाप आहेत, त्यांना विचारल्याशिवाय तो फोटो तुमचा नाही.

9. मन

चौथ्या-पाचव्या महिन्यात एक वेळ अशी येते की काही बोलावंसं वाटत नाही, कम्युनिटीतल्या दुसऱ्या देशाच्या सिस्टरने चमचा ठेवला तरी राग येतो, नाताळच्या आधी तर फार घरची आठवण येते. हे जवळजवळ सगळ्यांना होतं आणि प्रार्थना कमी पडली म्हणून होत नाही. मराठीत बोलायला एक माणूस आठवड्यातून एकदा ठरवून ठेवा, फोनवर का होईना. वर्षातून एकदा मिशन सोडून बाहेर सुट्टी घ्या. झोप उडाली, जेवण तुटलं, रडू थांबत नाही असं दोन आठवडे चाललं तर सुपिरियरला सांगा आणि डॉक्टरला दाखवा. काही जणांनी मधेच परत यायचं ठरवलं, त्यांना कोणी कमी लेखू नये असं मला मनापासून वाटतं.

10. सुट्टीवर घरी येताना

निघण्याआधी परवान्याची मुदत तुमच्या परतीच्या तारखेच्या पुढे आहे ना हे बघा, संपत असेल तर आधी नूतनीकरण आणि मग तिकीट. पिवळ्या तापाचं कार्ड बरोबर घ्या. आणि घरी आल्यावर पुढचे दोन-तीन महिने कधीही ताप आला तर डॉक्टरांना सगळ्यात पहिलं वाक्य हेच सांगा की मी आफ्रिकेतून आले आहे, मलेरियाची टेस्ट आत्ता करा. आपल्याकडे पावसाळ्यात प्रत्येक ताप व्हायरल म्हणून घरी पाठवतात. घरच्या लोकांनाही हे सांगून ठेवा, कारण ताप डोक्यात गेला तर तुमच्या वतीने त्यांनाच बोलावं लागेल. म्सेतोचं एक पाकीट जवळ असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, पण टेस्टशिवाय स्वतःच्या मनाने सुरू करू नका.